आसगावचा न धुतलेला चाटू

मित्रांनो, मी एक जुना चाटू आहे. शहरातल्या मुलांनी मला पाहिलं नसेल. लग्नाच्या पंगतीचा भात मोठ्या गंजात शिजतो, तेव्हा तो खालून वर ढवळायला लांब दांड्याचं जे लाकडी हत्यार लागतं, तो मी. हत्यार हा शब्द मी चुकून वापरलेला नाही. मी आजवर चार माणसांना मारलं आहे. जीव कुणाचा घेतला नाही, पण हाडं मोडली, कातडी फाडली.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्ट सांगायला बसल्या की आपण किती झिजलो, किती राबलो आणि कुणी विचारलं नाही, असं रडगाणं लावतात. मला तसं रडता येणार नाही. माझी कदर फार झाली. इतकी कदर झाली नसती तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्या वर्षी माझा जन्म झाला. कोंढ्याच्या टेकचंद सुताराने मला धावड्याच्या लाकडातून काढलं. धावडा म्हणजे कुऱ्हाडीच्या दांड्याचं लाकूड. वाकतो, पण मोडत नाही. रंध्याने माझं पातं घासता घासता टेकचंद गिऱ्हाइकाला म्हणाला, "जिल्हा फाटला बाई, पन हा काही फाटत नाही. तुह्या नातीपर्यंत पुरते पाह्य." गिऱ्हाईक होती आसगावची देवकाबाई. तिने मला खांद्यावर टाकलं आणि भर उन्हात पायी घरी नेलं.

देवकाबाई भातासाठी चाटू नेत नव्हती. ती मोहाची दारू काढायची. चैत्रात वेचलेली मोहाची फुलं वाळवायची, मडक्यात भिजवायची आणि ती कुजून फसफसायला लागली की त्या सडव्यात मला फिरवायची. हे काम कायद्यात बसत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पण दोन एकर धानावर घर चालत नव्हतं आणि नवरा डोमा कुणाच्या कामाला टिकत नव्हता.

तिचा एक नेम होता, आणि माझी सगळी गोष्ट त्या नेमावर उभी आहे. ती मला कधी धूत नसे. सडवा ढवळून झाला की मला तसाच भिंतीच्या खुंटीला लटकवायची. माझ्या पात्यावर फेस वाळायचा, पापुद्र्यावर पापुद्रा चढायचा. पुढच्या वेळी नव्या मडक्यात मला बुडवलं की दोन दिवसांत सडवा उठायचा. दह्याला जसं विरजण, तसा सडव्याला मी. शेजारणींना ती सांगायची, "चाटू धुतला का सडवा मेला म्हून समजा." तिच्या आईनेही चाटू धुतला नव्हता, आजीनेही नाही. आईच्या जुन्या चाटूवरचा पापुद्रा खरवडून तिने माझ्या पहिल्या मडक्यात टाकला होता, तोच माझ्यावर चढला.

पहिल्यांदा मी माणसावर पडलो तो दिवस पोळ्याचा होता. डोमा तिचीच दारू पिऊन आला होता. पुरणात गूळ कमी पडला एवढंच कारण झालं. त्याने मला खुंटीवरून ओढलं. देवकाबाईने तोंड वाचवायला डावा हात वर केला आणि मी त्या मनगटावर बसलो. आतलं हाड मोडलं तेव्हाचा आवाज माझ्या दांड्यातून वरपर्यंत गेला. ओला बांबू मोडतो तसा तो आवाज होता. त्यांचा मुलगा वीरेंद्र तेव्हा आठ वर्षांचा होता. तो दारात उभा राहून बैलाच्या शिंगाला लावायचा बेगड मुठीत चुरगाळत होता.

दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून देवकाबाईने मला हातात घेतलं. माझ्या पात्यावर तिचं रक्त वाळलं होतं. ते तिने ओल्या फडक्याने पुसलं. धुतलं मात्र नाही, कारण मडक्यात नवी फुलं भिजत पडली होती. पुढची नऊ वर्षं हेच चाललं. डोमा मारायचा, ती पुसायची, आणि सडवा उठायचा. एकदा पाठीवर, एकदा मांडीवर, एकदा कानशिलावर. त्या कानाने तिला आजही ऐकू येत नाही. मग एका दुपारी डोमा पिऊन बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीवर गेला आणि पाण्यात पडून मेला. गाव रडलं नाही. मीही रडलो नाही. देवकाबाई मात्र रडली. ते मला तेव्हाही समजलं नव्हतं आणि आजही समजत नाही.

त्यानंतर तिने दारू काढणं बंद केलं. मडकी फोडली. मला मात्र तसंच ठेवलं. वर्षातून एकदा ती लोटाभर मोहफुलं भिजवायची, मला त्यात बुडवायची आणि सडवा गाईपुढे ओतून द्यायची. आईकडून आलेलं विरजण मरू द्यायचं नाही, एवढाच तिचा विचार होता.

वीरेंद्र नागपूरला हॉटेलात स्वयंपाक शिकला आणि तिथून जपानला गेला. कोंढ्याच्या रुपाशी त्याचं लग्न झालं. त्यांना खुशबू झाली. ती दोन वर्षांची झाल्यावर त्याने दोघींना तिकडे नेलं. निगाता नावाच्या भागात एका भारतीय खानावळीत तो तंदूर सांभाळायचा. खानावळ बंद पडली तेव्हा त्याने परतायचं सोडून भलताच बेत केला. डोंगराखालच्या एका खेड्यात म्हातारी माणसं उरली होती आणि घरं रिकामी पडली होती. तिथे त्याने कोठारासकट एक घर घेतलं, रीतसर परवाना काढला आणि बिअर बनवायचा छोटा कारखाना टाकला. गाव भातशेतीचं होतं. त्याला वाटलं, हे आपलं आसगावच आहे, फक्त बर्फ जास्त.

बिअर झाली, पण बेचव झाली. दुकानात मिळते तशीच. मग त्याने आईला फोन केला, "माय, तुहा चाटू पाठव. इथल्या दारूत जीवच नाही."

रुपा आणि सात वर्षांची खुशबू त्या उन्हाळ्यात आसगावला आल्या होत्या. जाताना मी बॅगेत मावेना, म्हणून माझा दांडा हातभर कापला. दुखलं, पण कुणाला सांगणार? देवकाबाईने मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि रुपाला बजावलं, "त्याले पानी लागू देजो नोको. धुतला का मेला."

अशा रीतीने मी विमानात बसलो.

मित्रांनो, ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती आणि मी ती लपवणार नाही. हिवाळ्यात बर्फ खिडकीच्या वर जायचा. रुपा सकाळी फावड्याने वाट मोकळी करायची, मग पिवळी टोपी घातलेली खुशबू शाळेत जायची. जेवताना ती अर्धं जपानी आणि अर्धं आसगावचं बोलायची. वीरेंद्र हसून हसून बेजार व्हायचा. तो वाईट माणूस आहे असं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. शेजारी हिराबायाशी आजोबा राहत. त्यांचा जन्म तांदळाच्या दारूच्या कारखान्यात राबण्यात गेला होता. ते रोज काठी टेकत यायचे आणि रुपाच्या हातची भाकर मिटक्या मारत खायचे.

वीरेंद्रने एका पिंपातल्या, उकळून थंड झालेल्या जवाच्या रसात मला फिरवलं. तीन दिवसांत फेस वर आला आणि कोठारभर मोहाचा वास सुटला. त्या पिंपाची बिअर लोकांनी नावाजली. दूरच्या शहरातून माणसं गाड्या घेऊन यायला लागली. वीरेंद्र मला दोन्ही हातांत धरून पाहुण्यांपुढे उभा राहायचा आणि ते माझे फोटो काढायचे. भिंतीवर माझ्यासाठी पितळी आकडा ठोकला गेला.

हिराबायाशी आजोबांनी मला एकदा नाकाशी धरलं आणि खूप वेळ हुंगलं. मग त्यांनी वीरेंद्रला समजावलं की, ही काठी एकाच पिंपाला ठेव, दुसऱ्याला लावू नको. हिच्यात जे आहे ते सावकाश खातं, पण थांबत नाही. त्या पिंपाला तीन महिने दे, मगच बाटलीत भर. त्यांच्या कारखान्यात दारू घालायच्या दिवसांत कामगार आंबवलेलं सोयाबीनसुद्धा तोंडात घालत नसत, कारण त्याचे जंतू कपड्यांवरून रसात जातात. एवढं ते जपत.

वीरेंद्रने मान डोलावली. पण आजोबा गेल्यावर रुपाला म्हणाला, "माह्या मायच्या चाटूले हे बुढे विटाळ समजून राहिले काय?" तिकडे ऑगस्टात येणारा पितरांचा सण जवळ आला होता. मागणी मोठी होती. त्याने मला सगळ्या पिंपांत फिरवलं आणि तीन आठवड्यांत सगळं बाटल्यांत भरून टाकलं. आईची वस्तू आहे, ती वाईट कसं करील, हे त्याचं गणित. रुपा भीत भीत म्हणाली, "अहो, आजोबा तीन महिने म्हनत होते." तो म्हणाला, "तू चिठ्ठ्या चिकटव."

ऑगस्टातली दुपार होती. कोठारात सहाशे बाटल्या उभ्या होत्या. रुपा आणि खुशबू जमिनीवर बसून एकेका बाटलीवर नावाची चिठ्ठी चिकटवत होत्या. मी आकड्यावरून पाहत होतो. मला ठाऊक होतं की माझ्यातलं जे काही त्या बाटल्यांत शिरलं आहे ते अजून खातच बसलं आहे. पण मला तोंड कुठे होतं?

पहिली बाटली फुटली तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला. तिच्या काचांनी शेजारची फुटली, तिने पुढची. रुपाने खुशबूला खाली दाबलं आणि तिच्यावर आडवी पडली. मग रांगच्या रांग उडाली. काचा छपराला लागून पावसासारख्या खाली आल्या. सगळं शांत झालं तेव्हा जमिनीवर फेस होता आणि फेस लाल होता. रुपाचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत उघडा पडला होता. पाठीत काचा रुतल्या होत्या. खुशबूला ओरखडासुद्धा नव्हता.

वीरेंद्र धावत आला. त्याने आधी बाटल्यांकडे पाहिलं. मी हे सांगतो आहे कारण मी पाहिलं. आधी बाटल्या, मग बायको. "गरमीत ठेवल्या काहून? कोनं सांगतलं होतं तुले?" तो ओरडला. रुपाला बोलता येत नव्हतं, गालातून हवा जात होती. त्याने मला आकड्यावरून काढलं. पहिला घाव तिच्या खांद्यावर, दुसरा पाठीवर, जिथे काचा होत्या तिथेच. तिसऱ्याला ती कोसळली. खुशबू भिंतीला चिकटून "यामेते! यामेते!" म्हणून किंचाळत होती. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'थांबा' असा होतो. तिला मराठी शब्द सापडत नव्हता. ती मोजत असल्यासारखी प्रत्येक घावाकडे बघत होती.

चौथा घाव हिराबायाशी आजोबांनी हातावर घेतला. आवाज ऐकून आलेले ते काठी टाकून मध्ये शिरले होते. त्यांचं हाड लगेच मोडलं. तरी त्यांनी दुसऱ्या हाताने माझं पातं धरून ठेवलं आणि सोडलं नाही. पोलीस येईपर्यंत ते तसेच बसून होते.

पोलिसांनी वीरेंद्रला नेलं. रुपाच्या गालाला एकोणीस टाके पडले. चार आठवड्यांनी ती खुशबूला घेऊन आसगावला निघाली. तिने मला बॅगेत भरलं. हिराबायाशी आजोबांनी प्लास्टरचा हात हलवत विचारलं, हे कशाला नेतेस? ती म्हणाली, "इथं ठेवला तर ते सुटून आल्यावर पुन्हा हातात घेतील."

देवकाबाईने आसगावच्या अंगणात लुगडं उलगडलं. माझ्या पात्यावर वाळलेल्या फेसाखाली काळपट डाग होते. तिला सांगावं लागलं नाही. तिने सुनेला पाठमोरी बसवलं, पोलक्याच्या गाठी सोडल्या आणि एकेका वणावर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाली, "माह्यानं हे झालं, बाई. मी पुसत गेली. पोरगं पाहत होतं." रुपा म्हणाली, "तुम्ही नाही मारलं, आत्याबाई." देवकाबाई म्हणाली, "मी थांबवलंबी नाही."

धान कापून झालं, मळून झालं, तेव्हा वीरेंद्र आला. भर दुपारी, चांगले कपडे घालून, खुशबूसाठी चॉकलेटचा डबा घेऊन. दंड भरून सुटला होता. आधी तो मऊ बोलला. चूक झाली म्हणाला, रडलासुद्धा. मला वाटतं ते रडणं खरं होतं. मग त्याने भिंतीच्या खुंटीवर पुन्हा लटकलेल्या माझ्याकडे पाहिलं. "तो चाटू नसला का बिअर होतच नाही, रुपा. तीनदा करून पाह्यली. तुम्ही दोघीबी चाला, अन् तोबी द्या."

"मी येत नाही," रुपा म्हणाली. "खुशबूबी येत नाही."

"तिले विचार. चाल बेटा."

खुशबूने मान हलवली. त्याने तिचं बखोट धरलं. ती त्याच्या हाताला चावली. त्याने तिच्या थोबाडीत मारली आणि ती ओट्यावरून खाली पडली. रुपा धावली तसं त्याने मला खुंटीवरून ओढलं. हातभर कापलेला दांडा त्याच्या मुठीत बरोबर बसत होता.

देवकाबाई सुनेपुढे येऊन उभी राहिली. तिने उजवा हात पुढे केला. "मार," ती म्हणाली. "डावा तुह्या बापानं मोडला. हा शाबूत हाय अजून."

मित्रांनो, त्याचा हात थरथरला आणि मी गळून पडलो, असं तुम्हाला सांगायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. त्याने मारलं. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. देवकाबाई खाली बसली. हाड मोडल्याचा तो आवाज ऐकल्यावर मात्र वीरेंद्रने मला टाकलं आणि आईपाशी गुडघ्यांवर बसला. "माय," तो म्हणाला, "माय वं."

तेव्हा मला खुशबूने उचललं. मी तिच्या कमरेच्याही वर येत होतो. तिने मला दोन्ही हातांनी धरलं, बाप धरतो तसंच, एक हात वर आणि एक खाली. पहिला घाव तिने त्याच्या खांद्यावर घातला. दुसरा पाठीवर. तिसरा पुन्हा पाठीवर. कोठारात आईला बसले होते त्याच ठिकाणी, त्याच क्रमाने. तो हात वर न करता बसून राहिला. चौथा कपाळावर बसला आणि भुवई फाटली. तिच्या तोंडावर राग नव्हता. एखादं काम नीट करावं तसं ती मारत होती. इतक्या वर्षांत मी कधी भ्यालो नव्हतो. त्या दिवशी त्या नऊ वर्षांच्या हातांत मी भ्यालो.

रुपाने तिला मागून कवळलं. खुशबू म्हणाली, "आई, अजून एक. एकच."

"बस, माय माझी. बस," रुपा म्हणाली आणि तिची बोटं एकेक करून माझ्या दांड्यावरून सोडवली.

देवकाबाई मोडका हात मांडीवर धरून मुलाला म्हणाली, "पाह्य वीरू. तिच्याकडे पाह्य." त्याने पाहिलं. मग त्याने तोंड झाकून घेतलं.

तो पळाला नाही. शेजाऱ्यांनी देवकाबाईला पवनीच्या दवाखान्यात नेलं, रुपाने पोलिसांत लेखी तक्रार दिली, आणि पोलीस येईपर्यंत तो ओट्यावर रक्त पुसत बसून होता. कपाळाचं काय झालं असं त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "मीच पडलो." पोरीचं नाव घेतलं नाही. तेवढ्यासाठी मी त्याला माणूस म्हणतो. पण गाडीत बसता बसता तो मागे वळला आणि रुपाला म्हणाला, "चाटू तेवढा धुजो नोको."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू तुम्हाला हात जोडून सांगते की आम्हाला जपा, फेकू नका, आमची निगा राखा. मी उलटं सांगतो. वस्तू मेली तर मरू द्या, मग ती आजीची असो की पणजीची. माणसं जपा. तुमच्या घरी एखादी काठी, पट्टा, लाटणं कुणावर उगारलं जात असेल, तर दारात उभं राहून नुसतं बघू नका. शेजारी पळा, मास्तरांना सांगा, मोठ्याने ओरडा. ज्या भाषेत शब्द सापडेल त्या भाषेत ओरडा. आणि कुणी पुसून टाकलं म्हणजे ते झालंच नाही, असं कधी समजू नका.

दवाखान्यातून आल्यावर देवकाबाईने दुसऱ्याच सकाळी मला मागवलं. तिचा डावा हात आधीच अधू होता आणि उजवा प्लास्टरात, म्हणून मला खुशबूने आणलं. अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवलेलं होतं. देवकाबाई म्हणाली, "घाल आत."

खुशबू मला छातीशी धरून उभी राहिली. "आजी, याले दुखन काय?"

"नाही वं. त्याले कधीच नाही दुखलं."

देवकाबाईचं हे चुकलं, पण मी तिला दोष देत नाही. खुशबूने दांड्याकडून मला आत सरकवलं. धावडा लवकर पेटत नाही, म्हणून ती फुंकणीने फुंकत बसली, आणि धुराने डोळे भरून आले तरी उठली नाही. रुपाने सासूच्या अंगावरचं लुगडं सोडलं आणि तिला पाटावर बसवलं. पाणी कढत झालं, पण माझं पातं अजून जळायचं बाकी आहे; तेवढ्या वेळात मी हे तुम्हाला सांगितलं.